उताऱ्याची गोळी

औषधाच्या खिडकीतून माणूस पुरा दिसत नाही. आमच्या दवाखान्याची खिडकी तर इतकी खाली आणि इतकी अरुंद होती, की आत बसलेल्या मला समोरच्याचा फक्त हात दिसायचा, फार तर सदऱ्याचं दुसरं बटण. त्या खिडकीत मी अकरा वर्षं काढली. चेहरे फारसे आठवत नाहीत, हात पुष्कळ आठवतात. दवाखाना कुठल्या गावचा ते सांगत नाही. बीड जिल्ह्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. नाव सांगितलं की संध्याकाळच्या आत कुणीतरी फोन करून विचारेल, मॅडम, हे आमच्यावर लिहिलंय का.

मन्मथअप्पांचा हात पहिल्यांदा दिसला तो एका मंगळवारी. मंगळवारी आमच्याकडे मनाच्या आजाराचे डॉक्टर यायचे, महिन्यातून दोनदा. त्या ओपीडीला पाटीवर लांबलचक नाव होतं, पण ते कुणी उच्चारायचं नाही. सगळे म्हणायचे ‘मंगळवारची ओपीडी’. हात गोरा, स्वच्छ, नखं बारीक कापलेली, आणि बोटांना सुंठेचा नाहीतर वेखंडाचा वास. केसपेपर त्यांनी आत सरकवला नाही. काचेला टेकवून धरला.

“वाचा,” म्हणाले. “हातात देत न्हाई. हातात दिलेला कागद बदलतो.”

मी काचेतून वाचलं आणि पिवळ्या गोळ्या काढून दिल्या. हात खिडकीबाहेर गेला, पण रांग पुढे सरकेना. मी वाकून पाहिलं, तर कपाळाला विभूती लावलेले एक साठीचे गृहस्थ गोळीचा वास घेत होते.

“ह्याला वास कावून न्हाई?”

“गोळ्यांना वास नसतो, अप्पा.”

“ज्याला वास न्हाई ते औषध न्हाई. आदी तुमी खा एक.”

“मला काय झालंय खायला?”

“तेच मी इचारायलोय. मला काय झालंय?”

रांग हसली. मी हसले नाही. मी मनात म्हटलं, हा तक्रारी करणारा माणूस दिसतोय, ह्याच्यापासून जपून राहायला हवं. सरकारी नोकरीत माणूस आधी हेच शिकतो.

अप्पा तेलगावचे. काष्ठौषधीचं दुकान होतं त्यांचं, वडिलांच्या वेळचं. हिरडा, बेहडा, पिंपळी, ज्येष्ठमध, बाळगुटीच्या काड्या, बाळंतकाढ्याचं सामान. आजूबाजूच्या खेड्यांत कुणी बाळंत झालं की पहिली फेरी अप्पांच्या दुकानी व्हायची. जवळचे दवाखाने सोडून ते दोन एसट्या बदलून आमच्याकडे यायचे, कारण जवळच्या दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटलं असतं. ही गोष्ट त्यांच्या बायकोने, गंगाबाई काकूंनी मला सांगितली. काकू बुटक्या, डोक्यावरून पदर, बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत, पण अप्पा जवळ आले की मधेच तोंड मिटायच्या.

काकूंकडून कळलं ते असं. वर्षभरापूर्वी अप्पांच्या डोक्यात बसलं, की समोरचा दुकानदार वाऱ्याची दिशा पाहून ह्यांच्या मालात भुकटी सोडतो. मग ते एकेक मूळ धुऊन वाळवायला लागले. मग घरचा चहा बंद झाला. मग भाकरीही. शेवटी तीन महिने ते फक्त सालीच्या आतलं खायचे, केळी आणि भुईमुगाच्या शेंगा, तेही स्वतः सोलून. पिवळ्या गोळीने त्यांना गुण आला, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी आपली गोळी सोडायचं आणि पाप मला लागायचं. दोन महिन्यांत अप्पा काकूंच्या हातचा चहा प्यायला लागले. काकूंनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पण माणूस मुळातच संशयी. आजारातला संशय गेला, स्वभावातला राहिला. आमच्याकडे गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून देतात. अप्पा मागच्या खेपेचा रिकामा तुकडा जपून आणायचे आणि नव्या तुकड्याच्या काठाला लावून बघायचे. एकदा म्हणाले, “मॅडम, ह्याच्यावर तारीख न्हाई.”

“तारीख पट्टीच्या टोकाला असते. ते टोक दुसऱ्या कुणाला गेलं.”

“म्हंजे त्याला तारीख गेली आन मला नुसती गोळी आली. ही गोळी म्हातारी हाय का तरणी, मला कसं कळावं?”

मी चिडून म्हटलं, अप्पा, सरकार काय जुन्या गोळ्या देतं का? ते हात खिडकीत तसाच ठेवून उभे राहिले. मागे रांग वाढत गेली. शेवटी मी टोकाकडचा तुकडा कापून दिला. संध्याकाळी त्या खोक्यातल्या बाकीच्या पट्ट्या पाहिल्या, तारखा ठीक होत्या. पण इतक्या वर्षांत तारखा बघायला मी स्वतःहून तेव्हाच पहिल्यांदा बसले होते. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकाला पट्टीवर पेनाने तारीख लिहून द्यायला लागले. अप्पांना हे सांगितलं नाही. त्यांना फार चढलं असतं.

मंगळवारच्या ओपीडीत अप्पांचा वेळ डॉक्टरांपेक्षा बाकावर जास्त जायचा. बाकावर बसलेल्यांचे आजार वेगवेगळे, पण गोळ्यांचे ताप सारखेच. कुणाच्या तोंडाला कोरड, कुणाला दुपारपर्यंत झोप, कुणाची जीभ जड. डॉक्टर विचारायचे, “काही त्रास?” आणि सगळे म्हणायचे, “न्हाई साहेब.” त्रास आहे म्हटलं आणि गोळीच बंद केली तर काय घ्या, ही भीती. घरी गेल्यावर मग हळूच एकाआड एक दिवस गोळी खायची. आम्हाला वाटायचं, लोक अडाणी आहेत. लोकांना वाटायचं, ह्यांना सांगून उपयोग नाही.

अप्पा त्या बाकावर एकेकाची चौकशी करायचे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, “औषधाला दोन तोंडं असत्यात. एक रोगाकडं, एक माणसाकडं. दुसरं तोंड कुणी बगितलं का?” चकलांब्याची सविता म्हणून एक तरणी बाई यायची. सहा महिन्यांत ती अंगाने दुप्पट झाली होती. नवरा चारचौघांत म्हणायचा, बसून खाती आन फुगती. अप्पांनी तिला विचारलं, “भूक कवा लागती? गोळीच्या आदी का मागून?”

“मागून, अप्पा. गोळी घेतली का पोटात आगच पडती.”

“मग तू न्हाई खायलीस. गोळी खायलीय. आत जाऊन डागदरला हेच सांग. असंच सांग, दुसरे शब्द घालू नको.”

सविताने आत जाऊन तसंच सांगितलं, आणि डॉक्टरांनी तिची गोळी बदलली. त्या दिवशी डॉक्टर माझ्याकडे येऊन म्हणाले, “मॅडम, तुमचे अप्पा माझी ओपीडी चालवतायत. लोक घाबरून औषधं सोडतील अशाने.” डॉक्टर तरुण होते, मनाने चांगले होते, पण एका दुपारीत साठ-सत्तर माणसं बघायची म्हणजे माणूस चिडचिडा होतो. मलाही अप्पांचा संशय आलाच होता. मी खिडकीतून सरळ विचारलं, “अप्पा, तुमची मुळं खपवायला बसता का त्या बाकावर?”

हात एकदम मागे गेला. मग चेहराच खाली खिडकीशी आला.

“माजी मुळं ह्यांच्या कामाची असती,” अप्पा म्हणाले, “तर मी हितं कावून आलो असतो?”

 त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जरा नीट बोलायला लागले. दुपारी रांग संपली की ते खिडकीशी उभे राहून त्यांच्या धंद्यातल्या गोष्टी सांगायचे. वेखंड किती द्यावं, बिब्बा कुणाला देऊ नये. बिब्बा उतून अंगावर फोड उठले तर त्याला खोबऱ्याचा उतारा. प्रत्येक औषधाचा उतारा ठाऊक असल्याशिवाय ते औषध हातात घेऊ नये, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. पुस्तकात आम्ही ह्यालाच मोठमोठे शब्द शिकलो होतो. उतारा हा शब्द मला फार आवडला आणि मी तो उचलला.

पुढच्या एका मंगळवारी काचेला टेकवलेला केसपेपर वाचता येईना. कागद हलत होता. मी वाकून पाहिलं, तर अप्पांचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत होतं, गुटिका वळताना फिरतं तसं, आणि हातात काहीच नव्हतं.

“कधीपासून, अप्पा?”

“पंधरा दिस झाले. हात थरथरायलाय. लोकं म्हणायलेत, अप्पा काटा मारायलेत.”

काटा मारणं म्हणजे मापात खोट करणं. आमच्या जिल्ह्यात, जिथे उसाच्या प्रत्येक गाडीमागे काट्याचा संशय चालत असतो, तिथे दुकानदाराला ह्यापेक्षा मोठी शिवी नाही. अप्पांच्या दुकानात लाइटवर चालणारा काटा नव्हता. “लाइटचा काटा लाइटवाल्याच्या मनानं चालतो,” म्हणायचे. बोटात धरायचा पितळी काटा होता, वडिलांचा. दांडी बोटाला लटकवायची, एका पारड्यात वजन, एका पारड्यात पिंपळी, आणि काटा मधे उभा राहीपर्यंत श्वास धरायचा. आता तो उभाच राहत नव्हता. एका बाईने सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, अप्पा, हात सरळ धरा की, आमी काय आंधळ्या हावोत का. अप्पांनी त्या दिवशी काटा फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला आणि दुकानाची अर्धी फळकुटं लावून घेतली.

“मी ही गोळी सोडतो,” ते म्हणाले. “एकीकडं डोकं हाय, एकीकडं हात हाय. डोक्याचं मला एकट्याला कळत होतं. हाताचं सगळ्या गावाला कळायलंय.”

मी घाबरले. गोळी सोडली की पुन्हा केळी आणि शेंगा, आणि काकूंच्या हातचा चहा बंद. मी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी हात पाहिला आणि म्हणाले, हा पिवळीचाच त्रास आहे, काळजी करू नका, हाताची वेगळी गोळी देतो, महिन्यात फरक पडेल. त्यांनी एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली. अप्पांचा चेहरा जरा मोकळा झाला. पण थरथरता हात घेऊन खिडकीवर पुन्हा यायची त्यांना लाज वाटली. त्या दिवशी पहिल्यांदाच ते बाकावर बसून राहिले आणि गोळ्या घ्यायला काकू आल्या.

मागे रांग होती. कुणीतरी ढकलाढकली करत होतं. तरी मी काकूंना नीट समजावून सांगितलं, निदान मला तसं वाटलं.

“काकू, ही पिवळी रोजची, रात्रीची. आणि ही पांढरी उताऱ्याची. सकाळी एक, संध्याकाळी एक.”

“उताऱ्याची?”

“हो. हा उतारा आहे. ह्याने हात थांबेल त्यांचा.”

“सांजच्याला दिवे लागायच्या टायमाला केलं तर चालंल का?”

“चालेल की.”

“तोंड कुणीकडं करून?”

“तोंड कुणीकडेही असू द्या, पण एक दिवस चुकवू नका.”

“आन ह्यांना सांगू का नको?”

सांगितलं की अप्पा वास घेत बसणार, काठ जुळवणार, वडिलांचं काहीतरी काढणार. मी म्हटलं, “नका सांगू. तुम्ही गपचूप करत जा.” काकूंनी मान हलवली आणि गोळ्यांची पुडी पदराच्या टोकाला बांधली. पुढचा हात खिडकीत आला.

महिन्याने अप्पा आले ते ओळखू येत नव्हते. चालताना हात हलत नव्हते, बाजूला टांगल्यासारखे होते. चेहरा आखडलेला, तोंडाच्या कडेला लाळ, ती पुसायला खिशात रुमाल. डॉक्टरांनी मला आत बोलावून घेतलं.

“मॅडम, ह्यांना पांढरी गोळी दिली होती ना?”

“स्वतःच्या हाताने दिली, सर. काकूंकडे.”

“मला ती गोळी मिळालीच न्हाई. हिला मागितली तर म्हणती, चालूच हाय,” अप्पा म्हणाले. बोलणंही जड झालं होतं. “आन दुसरं सांगतो, साहेब. ही सांजच्याला माज्या पाठीमागं येती आन काहीतरी फिरवती. मी इचारलं तर गप बसती.”

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिलं. “काकू, गोळी चुकली का कधी?”

“न्हाई साहेब. दोन टाइम, रोजच्या रोज. मॅडमनी सांगितलं तसं.” काकूंची नजर खाली होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. दोघांच्या मनात एकच आलं. गोळी घेऊन घेतली नाही म्हणतात, बायको पाठीमागे काहीतरी करते म्हणतात. म्हणजे जुनं दुखणं उलटलं. डॉक्टरांनी केसपेपरवर तसं लिहिलं आणि पिवळी गोळी वाढवली. मला म्हणाले, एक पांढरी आत्ताच तुमच्यासमोर द्या आणि तोंड बघा. काही जण गालात धरून ठेवतात.

मी बघितलं. बाकावरच्या सगळ्यांसमोर मी अप्पांना गोळी आणि पाणी दिलं, आणि म्हटलं, “तोंड उघडा अप्पा. जीभ वर करा. आता डावीकडे.” शाळेतल्या पोराला म्हणावं तसं म्हटलं. ते आठवलं की अजून मला माझीच चीड येते.

अप्पांनी तोंड उघडलं, जीभ वर केली, डावीकडे केली. मग रुमालाने ओठ पुसून म्हणाले, “मी जलमात कुणाच्या मापात गुंजभर खोट केली न्हाई, मॅडम. आन तुमी माजं तोंड तपासायलाव.”

ती त्यांच्या पोटात गेलेली पहिली पांढरी गोळी होती. मला ते माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने काकू केसपेपर घेऊन खिडकीवर आल्या. त्या दिवशी रांग कमी होती, आणि मला वाटतं, म्हणूनच पुढचं मला ऐकू आलं. काकू वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “मॅडम, ती बारीक गोळी ह्या टायमाला जादा द्या. एकीनं भागंना. एका जागी चार ठेवून बगते.”

“कुठे ठेवून?”

“तिकटीवर. सकाळ-सांज, लिंबू, मूठभर भात आन वर गोळी. ह्यांच्यावरून सात बारी उतरवते आन नेऊन ठेवते. मागं वळून बगत न्हाई. पर कुत्रं तोंड लावतंय का काय, घटकाभरानं काही दिसत न्हाई.”

 आमच्याकडे उतारा म्हटलं की दहातल्या नऊ जणींच्या डोळ्यांसमोर तीन वाटांवर ठेवलेला भातच येतो. दृष्ट लागली, बाधा झाली, की माणसावरून ओवाळून टाकायचा तो उतारा. ज्याच्यावरून उतरवायचा त्याला सांगायचं नसतं, हेही सगळ्यांना माहीत. काकूंनी तोंड कुणीकडे करून विचारलं होतं. वेळ विचारली होती. सांगू का नको विचारलं होतं. प्रत्येक वेळी मी बेधडक उत्तर दिलं होतं. अप्पांना हा शब्द सांगितला असता तर ते बरोबर समजले असते, शब्द त्यांचाच होता. मी तो काकूंना सांगितला.

आणखी एक सांगते, कारण सांगितलं नाही तर हे लिहिण्यात अर्थ नाही. क्षणभर माझ्या मनात आलं, की गप्प बसावं. काकूंना हळूच सांगावं, आता ही तोंडाने द्या, आणि विषय मिटवावा. कुणाला कळलं नसतं. डॉक्टरांनी लिहिलेला शेरा तसाच राहिला असता आणि वाढवलेली पिवळी गोळीही. मग मला पलीकडे बाकावर बसलेले अप्पा दिसले. त्यांचं अंगठा-बोट फिरतच होतं. मी खिडकी लावली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले.

डॉक्टर आधी हसले. मग हसायचे थांबले आणि केसपेपर मागवला. वाढवलेली गोळी त्यांनी खोडली, उलट पिवळी थोडी कमी केली, पांढरी तशीच ठेवली. अप्पांना समोर बसवून सगळं सांगितलं. मी म्हटलं, “अप्पा, चूक माझी. तुम्ही खरं बोलत होता.”

मला वाटलं, ते रागावतील किंवा निदान हसतील. त्यांनी टेबलावरचा केसपेपर डॉक्टरांकडे सरकवला.

“लिहा,” म्हणाले.

“काय लिहू?” डॉक्टरांनी विचारलं.

“मागं लिवलंय ना तुमी, का ह्यो माणूस भलतंसलतं बोलतो. त्याच्याच खाली लिवा. मराठीत लिवा, मला वाचता यावं असं.”

डॉक्टरांनी इंग्रजी शेऱ्याखाली मराठीत लिहिलं, की पांढरी गोळी रुग्णाला मिळाली नव्हती, आणि पत्नी पाठीमागे काही करते हे रुग्णाचं म्हणणं खरं होतं. खाली सही केली. अप्पांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बोट प्रत्येक शब्दाखालून नेलं, थरथरतच.

काकू दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला वाटलं, आता घरी गेल्यावर ह्यांची काही धडगत नाही. अप्पा त्यांच्याजवळून जाताना थांबले आणि म्हणाले, “येडे, सांगितलं असतंस तर बसलो असतो की म्होरं.” एवढं म्हणून ते एसटीच्या दिशेने चालायला लागले. मला तेव्हा रडू आलं. मी आत जाऊन उगीच खोकी लावत बसले.

पुढच्या खेपांना हात पुष्कळ सुधारला असं काकू सांगायच्या. मी पाहिला नाही, कारण अप्पा पुन्हा कधी खिडकीवर आले नाहीत. बाकावर बसायचे आणि काकूंना पाठवायचे. माझ्यावरचा विश्वास उडाला होता, आणि तो उडायलाच हवा होता. काकू प्रत्येक गोळी हातात घेऊन विचारायच्या, “ही तोंडानंच खायची ना?” मी म्हणायचे, तोंडानंच. मग पुन्हा एकदा विचारायच्या. वर्षभराने माझी बदली झाली.

त्यानंतर दोन वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, माझी भाची बाळंत झाली आणि काढ्याचं सामान आणायला मी तेलगावला उतरले. दुकान पूर्ण उघडं होतं. दोन बायका माझ्याआधी उभ्या होत्या. अप्पा वाळले होते, पण चेहरा मोकळा होता. मला ओळखून म्हणाले, “या मॅडम,” आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळले.

दुकानात एक वेगळीच रीत दिसली. अप्पा बरणीतून माल काढून समोर ठेवायचे आणि पितळी काटा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. “तुमीच तोला,” म्हणायचे, आणि तोलणं होईपर्यंत पाठ फिरवून फळीवरच्या बरण्या सारख्या करत बसायचे. बायकांना त्याची सवय झालेली दिसली. मग अप्पा पुडी बांधून द्यायचे. ते दोऱ्याची गाठ मारत असताना मी त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं. हात स्थिर होता.

“अप्पा, हात चांगला झाला की. मग काटा का नाही धरत?”

“हाताचं काय,” ते म्हणाले. “लोकांच्या तोंडात एकदा बसलेला काटा निघत न्हाई.”

त्यांनी माझ्यासमोर पिंपळी ओतली आणि काटा दिला. मी दांडी बोटात धरली. पारडी हलायला लागली. मला वाटलं, सवय नाही म्हणून असेल, थांबतील. ती थांबेनात. मी दुसरा हात मनगटाला लावला, तरी थांबेनात.

ह्या खेपेला अप्पांनी पाठ फिरवली नव्हती. ते माझ्या हाताकडे बघत होते. मग वाकून, त्या दोन बायकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, “मॅडम, तुमी काय घेता?”

माझे यजमान गेल्यापासून मला झोप नव्हती. आठ महिने मी एका दूरच्या डॉक्टरची गोळी घेत होते. हे घरात कुणाला माहीत नव्हतं, मुलालासुद्धा नाही. गोळ्या मी साडीच्या घडीत ठेवायचे. अकरा वर्षं त्याच गोळ्या वाटलेली बाई मी, आणि मलाच लाज वाटत होती.

“काही नाही, अप्पा. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून.”

अप्पांना ते पटलं नाही. खोटं त्यांना कधीच पटायचं नाही.

“डागदरला हाताचं सांगितलंय का?”

मी मान हलवली. नाही.

“सांगा,” अप्पा म्हणाले. “तुमचं ऐकतील.”

मग त्यांनी काटा माझ्या बोटातून काढून घेतला, आणि त्या दोघी बायकांच्या देखत पिंपळी स्वतः तोलून दिली.